डबा ऐसपैस

रविवारी सकाळी साडेनऊला अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या खोलीत आधी एक्स्टेंशन बोर्डाची ओढाताण सुरू होते. बारा मुलं, आठ लॅपटॉप, त्यातल्या तिनांच्या बॅटऱ्या कधीच्या गेलेल्या. कुणी बदलापूरहून लोकलने येतं, कुणी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून रिक्षाने. मी आठवडाभर एका कंपनीत सायबर सुरक्षेचं काम करते आणि रविवारी या मुलांना हॅकिंगच्या स्पर्धा खेळायला बसवते.

या स्पर्धांचं नाव कॅप्चर द फ्लॅग, मुलांच्या तोंडी सीटीएफ. मुद्दाम कच्चं ठेवलेलं सॉफ्टवेअर, त्यात कुठेतरी दडवलेली अक्षरांची एक ओळ, तोच फ्लॅग. सापडला की गुण. लास व्हेगासच्या डेफकॉन संमेलनात १९९६ पासून हा खेळ चालतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी पिकोसीटीएफ सुरू केली. ती फुकट आहे, म्हणून तर आमच्या खोलीपर्यंत आली. केरळच्या अमृता विद्यापीठातल्या मुलांची 'बायोस' ही टीम जगभरच्या स्पर्धांत उतरते. तिचं नाव घेतलं की आमची मुलं ताठ बसतात.

नव्या मुलाला मी आधी 'बँडिट' देते. ओव्हर द वायर या संकेतस्थळावरचा हा जुना खेळ. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीलाच एक फाइल येते, तिचं नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ. फाइल वाचायची आज्ञा 'कॅट'. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलाने कॅट लिहून पुढे रेघ दिली, एंटर दाबलं आणि कर्सर लुकलुकत राहिला. त्याच्या वडिलांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बंद पडलेलं यंत्र त्याला चांगलं ओळखू येतं.

"ताई, हँग झालं."

"काहीतरी टाइप करून बघ."

त्याने स्वतःचं नाव लिहिलं. खाली तेच नाव उमटलं. आईचं लिहिलं, तेही उमटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बंद नाही पडलेलं. माझी वाट बघतंय."

तसंच होतं. त्या आज्ञेच्या भाषेत आडव्या रेघेचा अर्थ 'कीबोर्डवरून घे' असा आहे. त्याने फाइलचं नाव सांगितलं होतं, यंत्राने सूचना ऐकली होती. पुढची वीस मिनिटं मी तोंड उघडलं नाही. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं; उत्तर जिभेवर असतं आणि समोरचं पोर अडलेलं असतं. शेवटी त्याला सापडलं. रेघेच्या आधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ द्यायची, म्हणजे 'इथेच राहणारी ती फाइल' असा पत्ता द्यायचा. मग यंत्राचा गैरसमज होत नाही.

चार महिन्यांनी एसक्यूएल इंजेक्शन शिकताना लॉगिनच्या चौकटीत एकच अवतरणचिन्ह टाकताच डेटाबेस बोलता झाला, तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "हे त्या रेघेसारखंच आहे. आपण दिला मजकूर, त्याने मानला हुकूम." हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्याने उतरवून घेतलं असतं, एवढंच. ते त्याचं झालं, कारण तो वीस मिनिटं त्या रेघेपाशी अडून बसला होता. माझा या खेळावरचा सगळा विश्वास त्या वीस मिनिटांवर उभा आहे.

या स्पर्धांचा दुसरा प्रकार हल्ला आणि बचावाचा. प्रत्येक टीमकडे आपापला सर्व्हर. दुसऱ्याचा फोडायचा, आपला सांभाळायचा. आमच्याकडे एका राउटरवर चार टीम बसतात. नियम समजावायला मला डबा ऐसपैस पुरतो. राज्य असलेल्याने डब्याजवळच उभं राहावं तर लपलेले भिडू सापडत नाहीत. शोधायला लांब जावं तर मागून कुणीतरी येऊन डबा उडवतो. पहिल्याच खेळात एका टीमने आपला सर्व्हर सरळ बंद करून टाकला. आता कोण फोडणार? पण दर दोन मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम गिऱ्हाइकासारखा येऊन बघतो की सेवा चालू आहे का. नसली की गुण कापले जातात. दुपारपर्यंत ती टीम तळाला. शटर पाडलेल्या दुकानात चोरी होत नाही, पण धंदाही होत नाही, हे उल्हासनगरच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पुढच्या खेळात त्यांनी सेवा चालू ठेवून नेमकी भोकाची एक ओळ दुरुस्त केली.

काही कोडी खऱ्या घटनांतून सुचतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. पैसे देऊ का, ही विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये घुसवलेली खोटी यंत्रणा परस्पर होकार देत होती. त्यावरून मी एक कोडं रचलं. दोन नोंदवह्या, एकीत मंजुऱ्या, दुसरीत विचारणा. सगळे कुठलं टूल लावायचं याची चर्चा करत बसले. एका मुलीने दोन्ही फाइल शेजारीशेजारी उघडल्या आणि पंधरा मिनिटांत विचारणेशिवायच्या मंजुऱ्यांवर बोट ठेवलं. तिच्या घरी जीन्स शिवायचं काम चालतं. धुलाईला किती नग गेले आणि किती परत आले, ती वही तीच सांभाळते.

कुंपणाची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६: बदनियतीने दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा सांगितल्याने हात थांबतो का, याची मला धास्ती असते. मी यांच्या हातात जे देते ते धारदार आहे.

यंदा पावसाळ्यात बदलापूरचा एक मुलगा फोन घेऊन आला. एका संस्थेत त्याने ऑनलाइन फी भरली होती. पावतीच्या वेबपत्त्याच्या शेवटी साधा क्रमांक होता. त्यात एक मिळवला तर? स्पर्धेत हे कोडं त्याने कैक वेळा सोडवलेलं.

"मिळवलास?"

"नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी पावती असेल ना."

त्या दिवशी बाकी कोडी बाजूला राहिली. आम्ही दोघांनी मिळून एक पत्र लिहिलं. त्यात फक्त त्याची स्वतःची पावती जोडली, शंका काय आहे आणि का आहे ते साध्या शब्दांत मांडलं, आणि ते संस्थेला आणि केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सर्ट-इनला, पाठवलं. संस्थेचं उत्तर आलं नाही. त्याने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

गणपतीनंतरच्या रविवारी मी दार उघडत होते, तेवढ्यात तो जिन्यातच थांबून मला फोन दाखवू लागला. त्याचीच पावती होती. पत्त्यातला क्रमांक गेला होता आणि त्या जागी आगापिछा नसलेली लांबलचक अक्षरं होती.