शेवटचे ३१ सामने

आरंभशूरांची थट्टा आपल्या भाषेत पुष्कळ झाली आहे. प्रारंभी मोठा गाजावाजा करावा आणि काम अर्ध्यावर टाकून द्यावे, हा दोष आपल्या अंगी इतका मुरलेला की त्याच्यासाठी आपण एक स्वतंत्र शब्दच घडविला. परंतु आरंभी स्वस्थ बसून अखेरीस जीव तोडून धावणाऱ्या माणसाला तसा शब्द मिळाला नाही. त्याच्या वाट्याला आली ती तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण. आमचे अण्णा सांगलीला शाळामास्तर होते, आणि ही म्हण त्यांच्या विशेष आवडीची. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मी दिवा लावून बसलो की ते शांतपणे म्हणत, "अरे, अशाने विद्या येत नाही, नुसते डोळे जातात."

अशा बापाच्या मुलाने पुढे ज्या एका संघावर मनापासून प्रेम केले, तो नेमका आदल्या रात्री दिवा लावणाऱ्यांचा निघावा, ही मौजच म्हणायची. तो संघ म्हणजे ऑटावा सेनेटर्स आणि त्याचा खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी. हॉकी म्हटल्यावर आम्हां सांगलीकरांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते ध्यानचंद, हिरवळ आणि १९३६ सालचे बर्लिन. नोकरीनिमित्त मी कॅनडाच्या राजधानीत जाऊन राहिलो, तेव्हा पहिले दोन हिवाळे मला हा खेळ दिसलाच नाही. 'दिसला नाही' हे अक्षरशः खरे आहे. काळी रबरी चकती बर्फावरून अशी सुसाट जाते की नवख्याची नजर तिच्या मागेच राहते. मग कचेरीतल्या एका मित्राने मला कनाटा उपनगरातील त्यांच्या क्रीडागारात नेले. त्या रात्री माझ्या नजरेला चकती सापडली आणि मी कायमचा बिघडलो.

२०१५ सालच्या फेब्रुवारीत आमच्या संघाची स्थिती शोचनीय होती. त्या काळी ३० संघांपैकी १६ बाद फेरीत जात. प्रत्येकाचे ८२ सामने. विजयाला दोन गुण आणि जादा वेळेत हरल्यास सांत्वनाचा एक. १० फेब्रुवारीला ५१ सामने संपले होते आणि प्रवेशाच्या रेषेपासून आम्ही १४ गुण दूर होतो. इतक्या मागून येऊन कोणी ती रेषा पूर्वी गाठली नव्हती. त्यातच दोन्ही प्रमुख गोलरक्षक जायबंदी झाले, आणि निरुपाय म्हणून खालच्या संघातून २७ वर्षांच्या अँड्र्यू हॅमंडला उभे करण्यात आले. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला कोणी घेतले नव्हते, आणि त्या वर्षी खालच्या संघातही त्याची कामगिरी बेताचीच होती.

पुढे जे झाले त्याला शहाण्या माणसापाशी स्पष्टीकरण नाही. हॅमंडने आरंभ केलेल्या पहिल्या बारा सामन्यांपैकी एकातही दोनांहून अधिक गोल होऊ दिले नाहीत. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर २० विजय होते. नियमित वेळेत तो एकदाच हरला आणि जादा वेळेत दोनदा. त्याच्या नावावरून लोकांनी त्याला बर्गर पळविणाऱ्या जाहिरातीतल्या चोराचे नाव दिले, 'हॅम्बर्गलर'. विजयानंतर प्रेक्षक बर्फावर खरोखरीचे बर्गर फेकू लागले, आणि एकदा कर्टिस लझार या तरुण खेळाडूने त्यातला एक उचलून त्याचा घासही घेतला!

या दिवसांत मला स्वतःविषयी एक गोष्ट कळली. ती फारशी अभिमानाची नाही. मागे पडलेल्या संघाच्या चाहत्याला केवळ आपला विजय पुरत नाही. बॉस्टन हरावे, पिट्सबर्ग हरावे, असे त्याला रोज इच्छावे लागते. ज्यांनी माझे काडीचेही वाकडे केलेले नाही, त्यांच्या अपयशासाठी मी रात्री एक वाजेपर्यंत जागत असे. गुणतक्ता मला तोंडपाठ झाला. अमक्याचे किती सामने उरले, तमक्याने एक गमावला तर अंतर किती, हे हिशेब मी बसमध्ये, कचेरीत, जेवतानाही करीत असे.

दर रविवारी मी सांगलीला फोन करी. अण्णा तेव्हा ८३ वर्षांचे होते. एरवी त्यांचे दोनच प्रश्न असत, प्रकृती कशी आहे आणि येणार कधी. दुसऱ्याला माझे उत्तरही ठरलेले असे: "यंदा जरा काम आहे, पुढच्या वर्षी नक्की." असे म्हणता म्हणता चार वर्षे लोटली होती. त्या मार्चमध्ये बोलण्याच्या भरात मी त्यांना संघाची हकीकत सांगितली. पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन विचारले, "काय रे, तुझ्या त्या बर्फावरच्या मंडळींचे काय झाले? अंतर किती उरले?" मग दर आठवड्याला तोच प्रश्न. 'येणार कधी' हे विचारणे मात्र त्यांनी सोडले. ते माझ्या ध्यानातही आले नाही. मी आनंदाने गुण मोजीत राहिलो.

११ एप्रिलला शेवटचा सामना फिलाडेल्फियात झाला. आम्ही ३-१ असा जिंकलो आणि ९९ गुणांनिशी आत गेलो. शेवटच्या ३१ पैकी २३ सामने जिंकले होते. त्या संघाचे व्यवस्थापक ब्रायन मरे यांना असाध्य कर्करोग असल्याचे त्याच हंगामात जाहीर झाले होते. साहाय्यक प्रशिक्षक मार्क रीड्स हेही त्याच रोगाशी झुंजत होते आणि त्या विजयानंतर तीनच दिवसांनी, १४ एप्रिलला, ते वारले. ती बातमी वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. इतके आठवडे मी एक अंतर मोजीत होतो आणि दुसऱ्याकडे पाहिलेही नव्हते. त्याच संध्याकाळी मी मुंबईचे तिकीट काढले.

बाद फेरीत मॉन्ट्रियलने आम्हांला सहा सामन्यांत गारद केले. पहिले दोन हरल्यावर हॅमंडला बसविण्यात आले आणि बरा झालेला क्रेग अँडरसन गोलात उभा राहिला. तो उत्तम खेळला. निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. तरी ज्याने दार उघडून दिले त्याला उंबऱ्यातच थांबवावे, हे मला फार लागले.

मे महिन्यात मी पाच आठवडे सांगलीला राहिलो. अण्णा फोनवर वाटत त्यापेक्षा पुष्कळ थकले होते. संध्याकाळी पडवीत बसून मी त्यांना सगळा हंगाम पुन्हा सांगितला, हॅमंडला बसविल्याचेही सांगितले. ते म्हणाले, "पण वीस त्याने जिंकले ना? मग ते वीस त्याच्याकडून कोण काढून घेणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "आलास ते बरे केलेस." विहिरीची म्हण त्या पाच आठवड्यांत त्यांनी एकदाही काढली नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ते गेले.

शेवटी धावणारा कधी पोचतच नाही असे नाही. तो पोचतो, पण दमलेला पोचतो, आणि पुढे फार वेळ त्याच्या हाती नसतो. अण्णा चाळीस वर्षे पोरांना हेच सांगत होते. फक्त तो धावत असताना त्याला हसू नये, एवढे मी त्यांच्या म्हणीला माझ्यापुरते जोडून घेतले आहे.

आता ऑक्टोबरात हॉकीचा हंगाम सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी तिकीट काढून ठेवतो. सांगलीला आई आहे. गुणतक्ता त्यानंतर पाहतो.