धूर का येत नाही?

आमच्या बेळगुंदीत खंडेनवमीला घरातल्या एकूण एक हत्याराला हळदकुंकू लागतं. विळा, कोयता, नांगर, पाण्याची मोटर आणि दारातली गाडी. आमच्या घरी मात्र गेली सात वर्षं एका गाडीची पूजा नुसती उभ्या उभ्या व्हायची. ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, येझदी. 2017 साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आप्पांनी गाडी गोठ्याच्या पडवीत लावली. त्यावर पोत्याचं पांघरूण घातलं, ते कायमचंच.

मध्यंतरी एक गिऱ्हाईक आलं होतं. किंमतही बरी देत होतं. मी आप्पांना म्हटलं, "देऊन टाकू या का? नुसती गंजतेय." आप्पा काहीच बोलले नाहीत. उठून आत गेले. त्या दिवसापासून आम्हा दोघांत गाडीचा विषय निघाला नाही. मला मात्र ते लागून राहिलं. म्हणून 2024 च्या दसऱ्याआधी मी मनाशी ठरवलं, की खंडेनवमीला येझदी चालू करून आप्पांच्या पुढ्यात उभी करायची. कुणाला विचारायचं नाही. अचंबित करायचं.

माझ्या आत्मविश्वासाला कारण होतं. वीस वर्षं मी स्प्लेंडर चालवतोय. तिचं ऑइल मी घरीच बदलतो. खालचा नट काढायचा, काळं तेल डब्यात सोडायचं, नवं घालायचं, झालं. आपला हात जगन्नाथ! मग येझदीचं काय एवढं? चार दिवस संध्याकाळी पडवीत बसून मी सगळं केलं. नवी सहा व्होल्टची बॅटरी आणली. कार्बुरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, प्लग बदलला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला कुबट वास येत होता, ते ओतून दिलं. टाकी आतून दोनदा खळबळून स्वच्छ केली. इंजिनाखालचा नट काढून जुनं तेल सोडलं, नवं घातलं. आणि टाकीत पंपावरून आणलेलं तीन लिटर पेट्रोल.

जाणकार वाचक इथेच हसले असतील. ज्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी थोडं थांबावं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

खंडेनवमीला पूजा झाली. नारळ फोडला. येझदीचा किक आणि गिअर एकाच दांडीत असतो. ती दांडी वळवून आठ-दहा किक मारल्या आणि गाडी बोलली. दोन्ही सायलेन्सरमधून तोच जुना आवाज! आई बाहेर आली, शेजारचे आले. आप्पा काठी टेकत ओसरीच्या कठड्यापर्यंत आले. मला तर अभिमान याचा, की पूर्वी ही गाडी चालू झाली की अंगणभर निळा धूर व्हायचा, आणि आज धुराचा पत्ता नाही. काय काम केलंय आपण!

अकरा वर्षांची धाकटी मागे बसली. निघताना आप्पांनी हात वर करून काहीतरी म्हटलं. आवाजात ऐकू आलं नाही. आशीर्वाद देतायत, असं समजून मीही हात हलवला आणि बेळगावच्या रस्त्याला लागलो.

पहिले काही किलोमीटर स्वर्गच. बेनकनहळ्ळीच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला, म्हणून जरा वेग घेतला. गाडीची ओढ अचानक कमी झाली. मी आणखी पिळली. इंजिनातून कर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं थांबलं. गाडी घसरत आडवी गेली. मागून काही येत नव्हतं, हे आमचं नशीब. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मातीत. पोरीचं कोपर खरचटलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

रताळ्यांची पोती घेऊन मार्केट यार्डाकडे जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला. "एनातरी?" मी सांगितलं. त्यानं विचारलं, "एण्णी हाकीर्‍या?" म्हणजे तेल घातलंय का? मी ठसक्यात म्हटलं, "हौदरी!" घातलंच होतं की. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवून पेट्रोल बोटांत चोळलं, वास घेतला आणि मान हलवली. "इदराग एण्णी इल्लरी."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्प्लेंडर फोर-स्ट्रोक. तिच्या पोटात एकच तेल असतं आणि तेच पिस्टनपासून गिअरपर्यंत सगळ्यांना पुरतं. येझदी टू-स्ट्रोक. खालून मी जे तेल घातलं, ते फक्त गिअर आणि क्लचसाठी. पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलमधून. म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. तेच जळून निळा धूर होतो. मी टाकी धुऊन जुन्या तेलाचा अंशही काढून टाकला होता आणि नुसत्या पेट्रोलवर गाडी पळवली होती. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. मधे तेल नसेल तर तो भिंतीला घासतो आणि चिकटतो. ज्या बिनधुराचा मला अभिमान होता, तीच धोक्याची सूचना होती.

टेम्पोतूनच गाडी बेळगावला एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी मला विचारलं, "चाक अडकल्यावर क्लच दाबला का?" नव्हता दाबला. "तेवढं लक्षात ठेवा," ते म्हणाले. "इंजिन जाम झालं की पहिल्यांदा क्लच. चाक सुटतं, गाडी सरळ कडेला घेता येते. आणि गार होईपर्यंत किकवर नाचायचं नाही." सण झाल्यावर त्यांनी सिलिंडर उतरवला. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे, पिस्टनचा एक अंग खरवडलेला, रिंगा खाचेत रुतलेल्या. क्रँकचं बेअरिंग तेवढं वाचलं होतं. सिलिंडर उद्यमबागेत बोअर करून आणला, एक साइज मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या. खर्च साडेआठ हजार.

पण खरी गोष्ट घरी घडली. संध्याकाळी टेम्पोतून उतरलो तेव्हा आप्पा ओसरीवरच होते. नातीचं कोपर बघितलं, तिला जवळ घेतलं. मला एवढंच म्हणाले, "मी ओरडून सांगत होतो, धूर का येत नाही म्हणून."

आप्पा वीज खात्यात होते. कारभार सगळा कन्नडमध्ये. त्यामुळे घरचे हिशेबही ते कन्नड लिपीतच लिहायचे. मी मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलतो झकास, वाचायला लागलो की अडखळतो. गाडीच्या कागदपत्रांबरोबर त्यांची एक जाड वही होती. दुरुस्तीच्या वेळी ती हातात आली होती. अक्षर लावून लावून 'एण्णी' हा शब्द वाचला आणि किराण्याचा, शेंगतेलाचा हिशेब असणार म्हणून बाजूला ठेवली!

त्या रात्री ती वही मी बायकोपुढे ठेवली. तिचं माहेर बैलहोंगल. ती घडाघडा वाचायला लागली. 1987 सालापासूनची प्रत्येक नोंद. तारीख, 'पेट्रोल 5, एण्णी 200', आणि पुढे गावाचं नाव. पाच लिटरला दोनशे मिली, म्हणजे लिटरमागे चाळीस. पानन् पान तेच. वाचता वाचता 2009 च्या एका तारखेपाशी ती थांबली. 'पेट्रोल 5, एण्णी 200, बैलहोंगल.'

"अहो, हा तर तुम्ही मला बघायला आलात तो दिवस," ती म्हणाली. आम्ही सगळे जीपने गेलो होतो. आप्पा मध्यस्थाला घेऊन येझदीवरून पुढे गेले होते. थोड्या वेळानं वही मिटून ती म्हणाली, "केट्ट मेले बुद्धि बंतु, अट्ट मेले ओले उरियितु." वाटोळं झाल्यावर अक्कल आली, स्वयंपाक झाल्यावर चूल पेटली! मी काय बोलणार?

आता वाटतं, ही चूक तेलाची नव्हतीच. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून या गाड्या निघाल्या. 1996 साली तो बंद पडला. फोर-स्ट्रोक गाड्या आल्या तशी पंपावरची टू-टी ऑइलची हाताने फिरवायची यंत्रंही दिसेनाशी झाली. 2022 साली येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण ती गाडीही फोर-स्ट्रोक. म्हणजे जुन्या गाडीचं ज्ञान आता रस्त्यावर सापडत नाही. ते कुणाच्या तरी ओसरीवर बसलेलं असतं. माझ्या घरी तर दहा पावलांवर होतं. आप्पांना अचंबित करायच्या नादात मी त्यांनाच विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, गाडी विकायचं बोलल्यापासून विचारायची लाज वाटत होती.

गाडी परत आल्यावर आप्पांनी खुर्ची अंगणात मागवली. औषधाच्या मापानं तेल मोजून मला डब्यात घालायला लावलं, पेट्रोल ओतून डबा हलवायला लावला आणि मग टाकीत. "नवा पिस्टन आहे. पहिले पाचशे किलोमीटर पिळायची नाही," म्हणाले. किक मारली. अंगणभर निळा धूर झाला. आई पदरानं नाक धरून आत गेली. आप्पा मात्र बसून राहिले.

वहीत नवी नोंद आता मी करतो. मराठीत नव्हे, कन्नडमध्येच. धाकटी शेजारी बसते आणि माझे काने-मात्रे सुधारते.