थांबे आधी, वेग नंतर

जर्मनीच्या नैऋत्य भागात बाडेन-बाडेन आणि फ्रॉयडनश्टाट ही दोन गावे आहेत. त्यांना जोडणारा ब्लॅक फॉरेस्टचा उंच रस्ता जेमतेम साठ किलोमीटरांचा. डोंगरधारेवरून, गर्द सूचिपर्णी अरण्यातून तो दक्षिणेकडे जातो. मधूनमधून झाडी विरळ होते आणि पश्चिमेला ऱ्हाईन नदीचे विस्तीर्ण खोरे व त्यापलीकडे फ्रान्समधील व्होज पर्वताची निळसर रेघ दिसू लागते. तरुण चालक हा रस्ता दीड तासात संपवतो. आम्ही त्याला दोन दिवस दिले. ते का द्यावे लागले, हे ज्येष्ठांना घेऊन प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कराड आगारात त्यांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली, कुंभार्ली घाट त्यांना तळहातासारखा पाठ. माझा भाऊ श्टुटगार्टला नोकरीस आहे. सप्टेंबरात आम्ही त्याच्याकडे गेलो आणि पहिल्याच रविवारी या रस्त्याला निघालो. दादाने आखलेला बेत चोख होता: सकाळी सात वाजता निघायचे, बाडेन-बाडेन, अरण्य, तळे, फ्रॉयडनश्टाट हे सारे पाहून रात्री घरी परत.

चढ संपून पहिल्या मोकळ्या जागी गाडी थांबली. बाबा उतरले, दोन पावले चालले आणि अचानक दरवाज्याला धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. दादाने त्यांना आडवे करून पाय उंच ठेवले. चेहरा एका बाजूला ओघळला आहे का, दोन्ही हात उचलता येतात का, बोलणे स्पष्ट आहे का, हे मी पाहिले. यातले एकही लक्षण दिसले असते, छातीत दुखत असते किंवा शुद्ध हरपली असती, तर क्षणाचाही विलंब न लावता ११२ हा क्रमांक फिरवायचा होता. सुदैवाने काही मिनिटांत त्यांना बरे वाटू लागले. आम्ही तेथूनच परतलो आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांना दाखवले.

निदान साधे होते: शरीरातील पाणी कमी झाल्याने उभे राहताच रक्तदाब उतरला. कारण मात्र आम्हाला लाजवणारे होते. बाबांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी असते. ती त्यांनी नेमाने घेतली होती. पण आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ सोडले होते. “तुम्हाला सारखी गाडी थांबवायला लावायची म्हणजे...” एवढेच ते बोलले. वाक्य पुरे केले नाही.

दादाच्या यादीत सात प्रेक्षणीय स्थळे होती. स्वच्छतागृह एकही नव्हते. ज्येष्ठ माणसे हे मागत नाहीत. ती पाणी कमी पितात, भूक नाही म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसतो” म्हणतात. आपण त्याला समजूतदारपणा समजतो.

मी सहल रद्द करायला निघाले होते. बाबांनीच नकाशा मागून घेतला. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन ते तासभर बसले. म्हणाले, “अगं, गाडीचं वेळापत्रक वेगावर बसत नाही, थांब्यांवर बसतं. थांबे आधी ठरव, वेग नंतर.” मग त्यांनी स्वतः थांबे ठरवले. दोन थांब्यांत पाऊण तासाहून अधिक अंतर नाही; प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह आणि टेकून बसायला जागा; दिवसाला एकच मोठे ठिकाण. डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी मुक्कामाला पोहोचल्यावर घ्यायची, असेही ठरले. गोळीची वेळ आपल्या मनाने मात्र कधीही बदलू नये. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, तेच पाळावे.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. पहिला मुक्काम बाडेन-बाडेन. येथील झऱ्यांचे पाणी ६८ अंश सेल्सिअसपर्यंत उष्ण असते. रोमन काळापासून लोक येथे स्नानाला येत आले आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातील थोर स्नाननगरांच्या गटात या गावाचा समावेश केला. १८७७ सालच्या फ्रीडरिषबाड या स्नानगृहात विवस्त्र स्नानाची प्रथा आहे; आपल्या ज्येष्ठांना हे आधी सांगावे. काराकाला स्नानगृहाच्या कुंडांत पोहण्याचा पोशाख घालतात, म्हणून आम्ही तेथे गेलो. उष्ण पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्तदाब उतरतो. म्हणून हृदयविकार असल्यास डॉक्टरांची अनुमती घ्यावी, भरल्या पोटी उतरू नये, थोडाच वेळ थांबावे आणि कठडा धरून सावकाश बाहेर यावे. बाबा दहा मिनिटे पाण्यात बसले. संध्याकाळी ओस नदीकाठच्या लिष्टेनटालर आले या सपाट, सावलीच्या वाटेवर बाके पाहत पाहत हिंडलो.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर घाट चढलो. वळणांवर मळमळू नये म्हणून बाबांना पुढे बसवले, खाणे हलके दिले. जर्मनीत चालक डावीकडे बसतो. म्हणजे बाबा ज्या उजव्या जागेवर एकतीस वर्षे बसले, तीच त्यांच्या वाट्याला आली, फक्त चाकाविना. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नकळत ब्रेक शोधत होता.

साधारण निम्म्या वाटेवर मुमेलझे हे तळे लागते. हिमयुगातील बर्फाने कोरलेले, समुद्रसपाटीपासून १,०३६ मीटर उंचीवर. पाण्यात जलपऱ्या राहतात, अशी तेथील दंतकथा. काठाकाठाने सोपी पायवाट आहे. बाबा काठी टेकत अर्धी फेरी चालले. वर हवा खालच्या खोऱ्याहून बरीच गार असते, तेव्हा कानटोपी व स्वेटर हाताशी असावे. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीचे मद्य असते, हे मधुमेहींनी व मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण लांबू देऊ नये, खिशात साखर ठेवावी. इन्सुलिन तापलेल्या गाडीत सोडू नये. सशुल्क स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी जवळ असावीत.

पुढे लोथार-वाट लागते. २६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार नावाच्या वादळाने येथील अरण्य आडवे केले. त्यातला एक तुकडा मुद्दाम तसाच राखला असून, पडलेल्या खोडांमधून नवे रान कसे उगवते ते लाकडी वाटेवरून पाहता येते. वाटेत पायऱ्या असल्याने बाबा गेले नाहीत. मात्र दादा त्यांच्याजवळ बाकावर बसला, मी एकटी जाऊन आले आणि पाहिलेले त्यांना सांगितले. त्यांना गाडीत एकटे ठेवून कोणीही गेले नाही.

दुपारी फ्रॉयडनश्टाट आले. १५९९ मध्ये वसवलेले, १९४५ च्या एप्रिलमध्ये युद्धात बेचिराख झालेले आणि नंतर पुन्हा उभारलेले हे गाव. त्याचा बाजारचौक जर्मनीतील सर्वांत मोठा मानतात. भोवतीच्या कमानींखाली सावली होती, बसायला जागा होती. बाबांनी आपणहून पाण्याची बाटली मागितली आणि ती अर्धी संपवली.

“घाट चांगला आहे,” ते म्हणाले, “पण चालवणारा वळणावर उशिरा गिअर बदलतो.”

दादा हसला. मी खिशातील नाणी मोजली आणि स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, ते बाबांनी विचारण्याआधीच सांगितले.