सिएटल ते लॉस एंजेलिस : भगतसिंग थिंद यांच्या वाटेने

भगतसिंग थिंद यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ रोजी अमृतसर जिल्ह्यातील तारागढ तलावां या गावी झाला. अमृतसरच्या खालसा कॉलेजात शिकून, वाटेत मनिलाला काही काळ राहून, ४ जुलै १९१३ रोजी ते सिएटलच्या धक्क्यावर उतरले. तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता. पहिल्या महायुद्धात पगडी बांधून अमेरिकी लष्करात भरती झालेले ते पहिले शीख मानले जातात. सिएटलहून पॅसिफिक किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, की त्यांच्या आयुष्यातली बहुतेक ठिकाणे एकामागून एक लागतात. मी त्याच वाटेने गेलो.

सिएटल सोडून टॅकोमा ओलांडले, की हमरस्त्याला लागूनच मोठी लष्करी छावणी लागते. आज ती लुइस-मॅकॉर्ड तळ म्हणून ओळखली जाते. १९१७ साली उभारली तेव्हा तिचे नाव कॅम्प लुइस होते. २२ जुलै १९१८ रोजी थिंद लष्करात दाखल झाले आणि नोव्हेंबरात हंगामी सार्जंट झाले. त्या काळातले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : अंगावर अमेरिकी गणवेश, डोक्यावर पगडी, भरघोस दाढी. युद्ध संपले आणि १६ डिसेंबरला त्यांना सन्मानाने निवृत्त करण्यात आले. वर्तणुकीचा शेरा ‘उत्कृष्ट’ होता. त्याच महिन्याच्या ९ तारखेला, अंगावर गणवेश असतानाच, त्यांना नागरिकत्व मिळाले होते. चारच दिवसांत ते रद्द झाले, कारण ते ‘गोरे’ नव्हते. देशासाठी लढायला उभा राहिलेला माणूस गणवेश उतरवण्याआधीच परका ठरला, आणि छावणीच्या कुंपणाशेजारून जाताना हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते.

तिथून रस्ता समुद्राकडे वळतो. कोलंबिया नदीच्या मुखावर सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा, १९६६ साली खुला झालेला पूल आहे. तो ओलांडला की अस्टोरिया. लष्करात जाण्यापूर्वी थिंद ओरेगॉनच्या सॉ मिलमध्ये राबत होते, आणि अस्टोरियाची मोठी सॉ मिल ही त्या काळी पंजाबी मजुरांची वस्तीच होती. याच गावात १९१३ साली फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात जमलेल्या हिंदी मजुरांनी ब्रिटिश सत्ता उलथून टाकू पाहणाऱ्या गदर चळवळीचा पाया घातला. मराठी वाचकाला हे गाव परके वाटू नये. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्याच काळात ओरेगॉनला शेतीशास्त्र शिकत होते आणि या चळवळीच्या उभारणीत होते. गदरसाठी हिंदुस्थानात परतलेले विष्णू गणेश पिंगळे १९१५ साली लाहोरला फासावर गेले. गावाने २०१३ मध्ये गदरची शताब्दी साजरी केली. सॉ मिल १९२२ सालीच आगीत गेली. नदीकाठी फिरताना दिसतात ते पाण्यात उरलेले जुने लाकडी खांब, नांगरलेली मालवाहू जहाजे आणि धक्क्यांवर ओरडणारे समुद्रसिंह.

अस्टोरियाहून नदीच्या काठाकाठाने पोर्टलंडला जाता येते. शहराच्या मधोमध पायोनिअर कोर्टहाउस ही दगडी इमारत आहे. त्या काळी फेडरल न्यायालय तिथे भरत असे. थिंद यांनी १९१९ मध्ये ओरेगॉनमध्ये नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्याने त्यांच्या गदरशी असलेल्या संबंधांवर बोट ठेवले. हिंदुस्थान ब्रिटिशांच्या हातून सुटावा असे आपल्याला वाटते, पण सशस्त्र बंडाला आपला पाठिंबा नाही, असे थिंद यांनी मोकळेपणाने सांगितले. न्यायाधीश चार्ल्स वॉल्व्हर्टन यांना त्यांचे म्हणणे पटले आणि १८ नोव्हेंबर १९२० रोजी नागरिकत्व दुसऱ्यांदा मिळाले.

सरकार अपिलात गेले. निकाल लागला तो या किनाऱ्यापासून फार दूर, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. नाव उघडच मराठी वळणाचे. कायद्यानुसार नागरिकत्व मिळे ते ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच. थिंद यांच्या बाजूने मांडणी अशी झाली, की वंशशास्त्राप्रमाणे पंजाबातला उच्चवर्णीय आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजेच गोरा. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी ती फेटाळली. गोरा कोण हे शास्त्र नव्हे, सामान्य माणसाची समजूत ठरवते, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल अन्यायाचा होता यात शंका नाही. पण थिंद यांची बाजूही निर्मळ नव्हती. आपल्याकडचा उच्चवर्णीय खालच्या मानलेल्या लोकांशी बेटीव्यवहार करत नाही, हे तिथे गोरेपणाच्या पुराव्यादाखल मांडले गेले. वर्णभेदाच्या दारातून आत शिरण्यासाठी जातिभेदाची किल्ली वापरली गेली, आणि थिंद यांचा गौरव करताना हे वगळणे प्रामाणिकपणाचे नाही.

निकालानंतर सरकारने इतर हिंदी लोकांचेही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. दक्षिणेकडे जाताना सॅन फ्रान्सिस्को लागते. तिथले व्यापारी वैष्णो दास बगाई नागरिकत्व गमावल्यावर खचले आणि १९२८ साली त्यांनी जीवन संपवले. पंडितांवरही खटला झाला, पण तो त्यांनी १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या अशा हिंदी माणसांशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रियांचेही नागरिकत्व १९२२ च्या कायद्याने जात असे. ती तरतूद १९३१ पर्यंत टिकली.

थिंद देश सोडून गेले नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी अध्यात्मावर व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. शीख विचारांबरोबर इमर्सन आणि व्हिटमन यांचे दाखले देणारा हा पगडीधारी वक्ता अनेक अमेरिकनांना आपला वाटला. १९३५ साली पहिल्या महायुद्धातील आशियाई माजी सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा, यावेळी कायमचे, अमेरिकी नागरिक झाले. बाकीच्या हिंदी लोकांना १९४६ पर्यंत थांबावे लागले.

लॉस एंजेलिसला ही वाट संपते. मार्च १९४० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, थिंद यांचा विवियन डेव्हिस यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. वडिलांचे लेखन पुढे लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम मुलाने केले. वंशाच्या मोजमापावर स्थलांतर ठरवणारी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही केली. थिंद यांचा तो त्र्याहत्तरावा वाढदिवस होता. १५ सप्टेंबर १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आज सिएटल-पोर्टलंड भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना धबधबे आणि बर्फाचे डोंगर आवर्जून दाखवले जातात. पोर्टलंडहून अस्टोरिया गाडीने दोन तासांवर आहे. नातवंडांना घेऊन तिथेही जावे, आणि त्यांच्या नागरिकत्वाची वाट कोणी चालून सोपी केली, हे त्यांना सांगावे.