अम्मीचा एकच प्रश्न

महापालिकेचं मतदान १५ जानेवारीला होतं. त्याआधीच्या रविवारी आमच्या वरळीच्या गल्लीत एक उमेदवार आले. सोबतची पोरं 'भावी महापौर' म्हणून घोषणा देत होती. साहेबांनी दारातूनच अम्मीला सलाम केला. म्हणाले, "कब्रस्तानच्या भिंतीचं काम माझ्याकडे लागलं. मशिदीसमोर दिवेही लावून देतो." मग माझ्याकडे वळून, "टीचर, आणखी काही?"

मी म्हटलं, "उर्दू शाळांकडे लक्ष असू द्या."

आतून अम्मीचा आवाज आला, "बेटा, वो सब ठीक है. पानी कितने बजे आएगा, वो बोल."

ते हसले आणि पुढे गेले.

संध्याकाळी बीडीडी चाळींपाशी त्यांचीच सभा होती. जाता जाता थांबले. तिथे विषय वेगळे: मालमत्ता कर, पुनर्विकास, पार्किंग, कोस्टल रोड. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. पण तोच माणूस, तोच दिवस, दहा मिनिटांचं अंतर. तिथे ते नागरिकांशी बोलत होते, आमच्याकडे फक्त जमातीशी. आणि मीसुद्धा त्यांनी आखलेल्या चौकटीतलंच मागून मोकळी झाले होते.

शेजारची खाला म्हणाली, "आपण कुठे टॅक्स भरतो, म्हणून विचारायचं?" खरंच, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला, तेव्हा आमच्या गल्लीत काहीच बदललं नाही. आमच्या झोपडीला बिलच येत नाही, तर माफी कसली? पण ३० जून २०१७ पर्यंत मुंबईत येणाऱ्या मालावर पालिका जकात घ्यायची. मराठीतला हा शब्द आपल्या ज़कातचाच. आपली ज़कात ऐपतदार देतो आणि गरीब घेतो. नाक्यावरची जकात मात्र वस्तूच्या किमतीतून गरीबही भरत होता. आता जीएसटी आहे, आणि जकात गेल्याची भरपाई पालिकेला मिळते. अम्मीच्या साबणाच्या वडीतूनही शहराच्या तिजोरीत काही पडतं. पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं. त्यात तिचाही वाटा आहेच.

सोमवारी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, महापौर करतो काय?" मी फळ्यावर लिहिलं: पुर, पौर, महापौर. हा शब्द सावरकरांनी दिला, हे सांगितलं. १९४२ मध्ये युसुफ मेहरअली तुरुंगात असताना या शहराचे महापौर म्हणून निवडून आले, हेही सांगितलं. पौर म्हणजे शहरात राहणारा, उर्दूत शहरी. मग खरी गोष्ट सांगितली. मुंबईचा महापौर आपण थेट निवडत नाही, २२७ नगरसेवक निवडतात. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. कर माफ करायचा तर राज्याच्या कायद्यात बदल लागतो.

हे सांगताना माझ्याच लक्षात आलं. करमाफी एकट्या महापौराच्या हातात नाही. पण गल्लीत पाणी किती वाजता, किती वेळ येतं, याचा पाठपुरावा वॉर्ड ऑफिसमध्ये करणं हे नगरसेवकाचंच काम. त्या दिवशी साहेबांच्या हातातला प्रश्न फक्त अम्मीनेच विचारला होता.

२२ जानेवारीला सोडत निघाली. मुंबईचं महापौरपद खुल्या प्रवर्गातल्या महिलेसाठी राखीव झालं. 'भावी महापौर'चा बॅनर दोन दिवसांत उतरला.

अम्मी अजून पहाटे साडेचारला हंडे लावते. मागच्या आठवड्यात मी पाण्यासाठी मराठीत अर्ज लिहिला, अकरा घरांच्या सह्या घेतल्या. पहिली सही अम्मीची, उर्दूत. अर्ज वॉर्ड ऑफिसात दिला आणि पोचपावती घेतली. कब्रस्तानची भिंतही हवीच आहे. पण तिथे जायच्या आधी आम्हाला या शहरात राहायचंही आहे.