सव्वीस तारखेचं माहेर

दिवाळीत लेकीला माहेरी यायला भाऊबीज असते. नवऱ्याला रजा मिळो न मिळो, सासूचे गुडघे दुखोत, भाऊबीज म्हटलं की पुढचं बोलणं खुंटतं. नाताळात ही सोय नाही. पंचवीस डिसेंबर हा एकच दिवस, आणि तो सासरचा. चर्च सासरचं, पाहुणे सासरचे, चूलही सासरचीच. आमच्या आजीला मुलीच जास्त. तिनं एका वर्षी जाहीर करून टाकलं की पंचवीस तुमच्या घरी करा, सव्वीसला माझ्याकडे या. याला बायबलात आधार नाही आणि पंचांगात तर नाहीच नाही. पण तेव्हापासून आमच्या घराण्याचा नाताळ सव्वीस तारखेला होतो. माझ्या मते तो पंचविसापेक्षा सरस होतो, कारण त्या दिवशी नव्या कपड्यांची इस्त्री जपायची नसते.

घर नेवासे तालुक्यात आहे. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी घरातली म्हातारी माणसं अजून नगरलाच जातात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला येऊन राहिले. खेड्यापाड्यांतली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती मात्र बऱ्याच नंतर, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे. त्यांत महार आणि मांग समाजातले लोक सर्वांत जास्त. आमचे पणजोबा-खापरपणजोबा त्यांतलेच. घराण्याची हकिगत सांगताना आमच्यातले काही जण दुष्काळ गाळतात. मिशनच्या धान्याचा उल्लेख झाला तर श्रद्धेला कमीपणा येईल अशी त्यांना धास्ती वाटते. मला हे पटत नाही. गावानं ज्याला विहिरीपासून लांब उभं केलं, त्याला कुणी नाव विचारून वाढलं, आणि वाढणाऱ्याच्या देवाविषयी त्याला काही वाटलं, तर श्रद्धेची याहून रास्त सुरुवात कोणती?

मराठी वाचकांना धर्मांतराची जी गोष्ट माहीत असते ती रेव्हरंड टिळकांची. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरादारात आकांत झाला, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या आणि मग आपल्या वाटेनं, आपल्या वेळेला त्याच धर्मात आल्या. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आहे. पण ती उच्चवर्णीय घरातून एकटाच उठून गेलेल्या माणसाची गोष्ट आहे. आमच्याकडे तसं झालं नाही. इथं भाऊ-भाऊ मिळून आले. जे आले नाहीत ते शेजारच्याच घरात राहिले. मयताला खांदा त्यांनीच द्यायचा, लग्नात पाणी त्यांनीच भरायचं, बांधावरून भांडायचं तेही त्यांच्याशीच. पुढे १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि त्या शेजारच्या घरातले बरेच जण बौद्ध झाले. दोन आत्या हरेगावच्या बाजूला, कॅथलिक घरांत दिल्या. एका चुलत्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली ती आजतागायत काढली नाही. पोरांच्या पिढीनं पुण्या-मुंबईत लग्नं जुळवताना तर कुणालाच विचारलं नाही.

तेव्हा सव्वीस तारखेला अंगणात जी साठ-सत्तर माणसं जमतात, त्यांना एका ओळीत बसवून 'आपण सगळे कोण?' असं विचारलं तर एकमतानं उत्तर येणार नाही. आडनाव मात्र निम्म्यांचं एकच.

कॅथलिक आत्या मध्यरात्रीचा मिस्सा आटोपून, वर पंचवीसचा सगळा दिवस पाहुण्यांत काढून येतात, म्हणून त्यांना सकाळी कुणी उठवायचं नाही. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी सकाळच्या भक्तीची सवय असलेली. सात वाजता आंघोळी उरकून दुसऱ्यांच्या डोळ्यांवरच्या झोपेची चेष्टा करणारी. कोणाचा नाताळ खरा, यावर पूर्वी आत्याचे यजमान आणि माझे वडील तासन्‌तास वाद घालत. दोघांनाही एकमेकांचं धर्मशास्त्र नीट माहीत नव्हतं. वाद थांबायचा तो मोठ्या काकूनं कांदे चिरायला बोलावलं की. आता दोघंही नाहीत, आणि तो वाद कुणाला नीट घालताही येत नाही.

फराळाचं काम वीस-एकवीस तारखेला सुरू होतं. करंज्या, शंकरपाळे, शेव, चकल्या, रव्याचे लाडू; दिवाळीत शेजारी जे होतं तेच, फक्त दोन महिने उशिरा. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. त्याला वाटतं, ख्रिस्ती घर म्हणजे केक. केक असतोच, पण त्याचा मान पाहुण्याचा. करंजीला घरच्यासारखी बोलणी खावी लागतात: सारण कोरडं झालं, मोहन कमी पडलं, कातणं कुणी बोथट करून ठेवलं. एका वर्षी बाजारातून तयार करंज्या आणल्या होत्या. चवीला चांगल्या होत्या. कुणी काही बोललं नाही, आणि बोलायलाच काही न उरल्यामुळे ती दुपार मोठी कंटाळवाणी गेली.

केकसाठी घरात भट्टी कुठली असणार? अंडी, मैदा, लोणी, साखर घरी फेटायची आणि पत्र्याचे डबे घेऊन गावातल्या बेकरीत जायचं. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. नाताळाच्या आदल्या आठवड्यात तिथं आमच्यासारख्यांची रांग लागते आणि बेकरीवाले चाचा पाव काढून झाले की उरलेल्या आचेवर आमचे डबे आत सरकवतात. त्या चिठ्ठ्या आचेनं हमखास जळतात. मग कुणाचा केक कुणाचा हे वासावरून ठरवायचं. वेलदोडा जास्त तो थोरल्या काकूचा, जायफळ असेल तो आत्याचा, आणि एका बाजूनं खचलेला असेल तो बिनविरोध आमचा.

सव्वीसचं जेवण म्हणजे मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि भात. माळकरी चुलत्यासाठी परसात वेगळी चूल मांडतात. तिचं पातेलं वेगळं, डावही वेगळा. त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं. आजीनं पहिल्या वर्षी मांडली आणि पुढे ती मांडायचीच असते असं झालं. आमच्या एका वहिनीचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, पण महिनाभरच ती सामिषाला शिवत नाही. काही वर्षी मार्गशीर्ष नाताळाच्या आधी आटोपतो, पण बहुतेक वर्षी लांबतो. २००८ साली पंचवीस डिसेंबरला मार्गशीर्षातला गुरुवारच आला होता. वहिनी नवी होती, घाबरलेली होती. सासूबाईंनी तिला एवढंच विचारलं, "उद्या परसातल्या चुलीवर वांगं घालू का भरीत करू?" मला वाटतं, सर्वधर्मसमभावावर आमच्या घरात झालेली सर्वांत गंभीर चर्चा ती हीच.

जेवणाआधी प्रार्थना असते. ती थोरले काका करतात आणि ती लांबते. आजारी, परदेशी, परीक्षेला बसलेले, गर्भार, बेकार, अशी सगळ्यांची नावं घेत ते पुढे सरकतात आणि रस्शावर साय धरायला लागते. लहानपणी याचा राग यायचा. आता लक्षात येतं की खानेसुमारीच असते ती. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोण कुठल्या अडचणीत आहे हे वर्षातून एकदा मोठ्यानं सांगण्याची दुसरी कुठलीच जागा आमच्याकडे नाही. एकदा काकांनी एका पुतण्याच्या नोकरीसाठी प्रार्थना केली आणि नोकरी गेल्याचं त्याच्या बायकोला तिथंच कळलं.

संध्याकाळी गाणी. पेटी काढायची, तबला लावायचा, टाळ वाटायचे. 'उपासना संगीत'मधली टिळकांची भजनं इथं बहुतेकांना पाठ आहेत, कारण त्यांची चाल आमच्या कानांना परकी नाही. ती कीर्तनाच्या आणि अभंगाच्याच घराण्यातली आहे. त्याच मैफलीत ढोलकीवर बसतो तो आमचा बौद्ध चुलतभाऊ. एप्रिलभर तो भीमजयंतीच्या कार्यक्रमांत वाजवतो, हात तिथं तयार झालेला. ख्रिस्तजन्माच्या भजनाला त्यानं दिलेला ठेका ऐकून पाळकसाहेब एकदा म्हणाले, याला आमच्या चर्चमध्ये पाठवा. तो हसून म्हणाला, "वाजवायला येतो की. पाठवायचं कशाला?"

हाच भाऊ आणि मी एका आडनावाचे, एका पणजोबांचे. गाव जेव्हा आम्हाला हिणवायचं तेव्हा त्यानं दोघांत फरक केला नाही. सरकारनं केला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे आमच्या अंगणात मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या पोरांपैकी एकाच्या हाती अनुसूचित जातीचा दाखला असतो, दुसऱ्याच्या नसतो. दहावी-बारावीच्या वर्षी हा विषय पानावर निघतोच. कुणी भांडत नाही, पण भाकरी मोडण्याचा आवाज थोडा वाढतो. आमचं घर याचा निकाल लावू शकत नाही. दाखला असलेल्यानं नसलेल्याला पुस्तकं द्यायची, एवढा नियम मात्र पोरांनी आपापसात केला आहे आणि तो पाळला जातो.

सत्तावीसनंतर पांगापांग होते. बौद्ध घरांतल्यांना एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जायचं असतं. १८१८च्या लढाईच्या त्या जयस्तंभाला बाबासाहेबांनी १९२७ साली एक जानेवारीलाच भेट दिली होती. आमच्यातलेही काही त्यांच्याबरोबर जातात. बाकीच्यांना एकतीसच्या रात्रीच्या भक्तीला आपापल्या चर्चमध्ये पोचायचं असतं. शिवाय एक तारखेला पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, म्हणून पुणेकर आधीच निघतात.

गेली काही वर्षं भाचे-पुतणे मंडळी हॉल घेऊया म्हणत आहेत. कॅटरर, खुर्च्या, एकसारखे टी-शर्ट, दोन तासांत सगळं आटोपतं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते कुठं आहे हेही मला माहीत आहे. हॉल मागणाऱ्यांत सुना जास्त आहेत. साठ-सत्तर माणसांच्या मायेचं कौतुक मीही इतका वेळ केलं, पण त्यांची खरकटी भांडी रात्री कोण घासतं? परसातली वेगळी चूल मांडली आजीनं, आणि पेटवत आल्या सुना. पुरुष मंडळी बोकड ठरवतात, मांडव घालतात, आणि मग ढोलकी यायची वाट बघत खाटेवर बसतात. जुनं घर सोडू नये असं गळा भरून सांगणारे काका-मामा याच खाटेवर असतात.

तरी माझं मत हॉलच्या विरोधात आहे. हॉलमध्ये परसातली चूल मांडता येत नाही आणि थोरल्या काकांच्या प्रार्थनेला माइकवाला घाई करेल. पण हे मत मांडायचा हक्क राखायचा असेल तर कामाची वाटणी बदलायला हवी, आणि ती यंदापासूनच. आमच्या घरच्या पुरुषांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते: एकवीस तारखेला सकाळी आठ वाजता या, पोळपाट-लाटणी काढून ठेवते. आणि सव्वीसच्या रात्री भांडी तुमच्याकडे.

वाचकांपैकी कुणाच्या भावकीत आमच्यासारखं एखादं ख्रिस्ती घर असेल, तर आमंत्रणासाठी अडून राहू नका. सरळ जा. प्रार्थना लांबणार हे धरून चाला. दीडच्या आत कुणीच वाढत नाही.