फुटाच्या भावाने चित्र

फुटाच्या भावाने चित्र म्हटलं की आपल्याला फ्लेक्सवाला आठवतो. वाढदिवस, निवड, हार्दिक अभिनंदन. पण १९४५च्या सुमारास अमेरिकेत, मिसिसिपीच्या किनाऱ्यावर वॉल्टर अँडरसन नावाचा चित्रकार स्वतः कोरलेली, स्वतः छापलेली चित्रं एक डॉलर फूट या भावाने विकायचा. बाजारातल्या स्वस्त, सुमार चित्रांऐवजी साध्या माणसाच्या भिंतीवर चांगलं काही लागावं, एवढाच हेतू. कागद म्हणून वॉलपेपरची पाठ.

ही लिनोकटची चित्रं. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचं. जवसाचं तेल, बुचाचा भुगा, खाली तागाचं कापड. होय, आपल्या वऱ्हाडातल्या चटणीचंच जवस! लाकडासारखे रेषे नसल्याने कोरणी हवी तशी वळते. पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं, उरलेल्यावर शाईचा रोलर फिरवायचा, कागद ठेवून दाबायचं. सगळं उलटं, आरशातल्यासारखं. ट्रेडलवर लग्नपत्रिकेचे खिळे जुळवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. निघालेला तुकडा मात्र परत बसत नाही. म्हणून कोरण्याआधी पक्षी नीट बघावा लागतो.

अँडरसन बघायचाच. पुढे तर बारा-एक मैल होडी वल्हवत हॉर्न बेटावर जायचा, उलट्या होडीखाली झोपायचा, दिवसभर पेलिकन आणि खेकडे चितारायचा. १९४९ला ब्रुकलिन म्युझियमने त्याच्या लिनोकटचं प्रदर्शन भरवलं. नंतर १९५१मध्ये त्याने आपल्या ओशन स्प्रिंग्ज गावाच्या सभागृहाच्या भिंती रंगवल्या. तिथलाच निसर्ग, तिथलाच इतिहास. मानधन घेतलं एक डॉलर.

आता आमचं गाव. सुशोभीकरणाच्या निधीतून तलावाची भिंत रंगली. पेंग्विन आहे, जिराफ आहे, डॉल्फिनसुद्धा. भिंतीपलीकडे पाण्यात वारकरी पक्ष्यांचा थवा, काठावर ढोकरी ध्यान लावून बसलेली, टिटवीचा आरडाओरडा वेगळाच. यातलं एकही भिंतीवर नाही. पेंटरला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, मोबाईलवर जे आलं ते काढलं." त्याचं काय चुकलं? कागदपत्रं पाहिली मी. चौरस फूट किती ते चोख लिहिलंय, काय काढायचं त्याबद्दल एक ओळ नाही.

दुसऱ्या बाजूच्या भिंतीचं काम अजून निघायचंय. नगरसेवकांपैकी कुणी त्याआधी पहाटे सहाला तलावावर येणार असेल तर सांगा. दुर्बीण माझ्याकडे आहे, चहाचंही बघतो.